गल्ला भरला, मग पैसे गेले कुठे? मोबाइलवरच्या आकड्यांतून आपलं दुकान वाचायला शिका



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कुठला, सांगू? "ताई, कुठलं अ‍ॅप घेऊ?" फ्री कुठलं, पेड कुठलं, कशात ग्राफ येतात, कशात डॅशबोर्ड दिसतो. अ‍ॅपबद्दल मी सांगणार आहे, पण थोडं पुढे. आधी एक गोष्ट सांगते, कारण त्या गोष्टीशिवाय अ‍ॅप घेतलंत तर ते फोनमध्ये जागा खाण्यापलीकडे काही करणार नाही.

ऑक्टोबर २०२२. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान उघडलं. बोरिवली पूर्वेला आमचं स्टेशनरी, झेरॉक्स आणि गिफ्टचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. लॉकडाऊननंतरची ती पहिली मोकळी दिवाळी होती. सेल आदल्या वर्षीपेक्षा छान झाला होता. मी रोज रात्री फोनवर यूपीआयचा आकडा बघून खूश होऊन झोपत होते. आणि त्या सकाळी अब्दुल रहमान स्ट्रीटच्या आमच्या होलसेलवाल्याचा फोन आला. एक लाख दहा हजार द्यायचे होते, मुदत संपली होती. बँकेत २३ हजार, गल्ल्यात ९ हजार. म्हणजे ७८ हजार कमी.

बाबा म्हणाले, "सेल तर चांगला झाला ना? मग पैसे गेले कुठे?"

मी बीबीए केलेली मुलगी. मला उत्तर देता आलं नाही. आई आत गेली आणि पाटल्या घेऊन बाहेर आली. "ठेव गहाण, नंतर सोडवू." मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब.

त्या दोन दिवसांत मी जे केलं, तोच आजचा धडा आहे. कॉम्प्युटर नव्हता, अकाउंटंट नव्हता. एक फोन, बिलिंग अ‍ॅप, यूपीआयचं व्यापारी अ‍ॅप, उधारीची वही आणि गुगल शीट्स. तेवढंच.

पैसे कुठे बसले होते?

पहिल्या रात्री आम्ही दुकानातला गिफ्टचा माल मोजला. फोटोफ्रेम, मग, लाफिंग बुद्धा, आकाशकंदिलाचं सामान, शोभेच्या पणत्या. खरेदीच्या भावाने ४१ हजारांचा माल शिल्लक होता. दुसऱ्या रात्री उधारी काढली. ३४ हजार येणं होतं, आणि त्यातले २६ हजार एकाच गिऱ्हाइकाकडे! जवळच्या एका कोचिंग क्लासचे सर. ते आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, नोट्सचे गठ्ठेच्या गठ्ठे झेरॉक्स करून न्यायचे. त्यांना बघितलं की बाबा खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. आणि हेच सर दीड-दोन महिने पैसे देत नव्हते. कागदाचे रिम आणि टोनर मात्र आम्ही रोखीने आणत होतो.

४१ अधिक ३४, म्हणजे ७५ हजार. उरलेले तीन हजार घरच्या लाइट बिलात गेले असणार, कारण दुकानाचा क्यूआर बाबांच्या बचत खात्याला जोडलेला होता आणि घरखर्चही त्याच खात्यातून व्हायचा.

म्हणजे चोरी नाही, नुकसान नाही, सेलही खोटा नाही. पैसे दुकानातच होते. फक्त त्यातले निम्म्याहून जास्त लाफिंग बुद्धाच्या रूपात फळीवर बसले होते आणि बाकीचे सरांच्या खिशात.

सरांना फोन केला. त्यांनी आठवड्यात अर्धे पैसे दिले आणि पुढचे डिसेंबरात. होलसेलवाल्याला मी खरं ते सांगितलं, तारखा लिहून दिल्या आणि फेब्रुवारीपर्यंत सगळं फेडलं. पाटल्या घरीच राहिल्या. लाफिंग बुद्धा अजून दोन आहेत, कुणाला हवे असतील तर खरेदीच्या भावात देते.

सेल बघू नका असं नाही, पण सेलवर थांबू नका

आता वही-पेन घ्या. हे गणित व्हिडिओत भराभर गेलं, इथे सावकाश करू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत.

दुकानात दोन प्रकारचा माल आहे असं समजा. गिफ्ट आणि वह्या.

गिफ्टवर मार्जिन दणदणीत. शंभरला विकलं तर चाळीस सुटतात. वह्यांवर शंभरमागे जेमतेम पंधरा. कुणालाही विचारा, "कशात फायदा आहे?" उत्तर येणार, गिफ्टमध्ये. आम्हीही तेच म्हणत होतो.

आता महिन्याचा हिशोब बघा. गिफ्टचा सेल महिन्याला ८,००० रुपये. त्यातला खरेदीचा भाग ४,८००, नफा ३,२००. आणि एवढ्या सेलसाठी फळीवर माल किती ठेवलाय? ४०,००० रुपयांचा, खरेदीच्या भावाने. म्हणजे महिन्याला ४,८०० चा माल हलतो आणि ४०,००० चा पडून आहे. आज नवीन काहीच आणलं नाही तरी हा माल संपायला आठ महिन्यांच्या वर लागतील.

वह्यांचा सेल महिन्याला ५०,०००. खरेदी ४२,५००, नफा ७,५००. साठा २५,००० चा. म्हणजे साधारण १८ दिवसांत माल संपतो आणि पैसा पुन्हा हातात येतो.

शेवटची पायरी. अडकवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांनी महिन्यात किती कमवलं? गिफ्टमध्ये ४०,००० अडकवून ३,२०० मिळाले, म्हणजे शंभरामागे ८ रुपये. वह्यांमध्ये २५,००० अडकवून ७,५००, म्हणजे शंभरामागे ३० रुपये.

बघा, चित्र उलटं झालं की नाही! चाळीस टक्केवाला माल हरला आणि पंधरा टक्केवाला जिंकला. मी हे कॉलेजात 'इन्व्हेंटरी टर्नओव्हर' नावाने शिकले होते, दहा मार्कांसाठी. पाटल्या समोर आल्यावर समजलं.

लगेच "गिफ्ट बंद" असा निर्णय घेऊ नका. आम्हीही घेतला नाही. वाढदिवसाला जाता जाता कुणीतरी मग घेतं, त्याबरोबर रॅपिंग पेपर आणि कार्डही जातं. आम्ही एकच नियम केला, की गिफ्टचा साठा १२,००० च्या वर जाऊ द्यायचा नाही. सेल थोडा पडला, नफा ३,२०० वरून २,८०० वर आला. पण आता १२,००० वर २,८००, म्हणजे शंभरामागे २३ रुपये. आणि मोकळे झालेले २८,००० मे महिन्यात वह्यांच्या खरेदीला वापरले. शाळा सुरू व्हायच्या आधीची ती खरेदी आम्ही पूर्वी उधारीवर करायचो. रोखीने घेतल्यावर होलसेलवाल्याने भाव कमी लावला, तो फायदा वेगळाच.

एक सावधगिरी. वह्यांचा हा हिशोब मे महिन्यात करू नका. जूनसाठी भरलेल्या मालामुळे तेव्हा साठा फुगलेला असतो आणि वह्यासुद्धा मरा माल वाटतील. आपल्या धंद्याचा सीझन ज्याला माहीत नाही, त्याला ग्राफ फसवतो.

मग फोनमध्ये काय काय हवं?

आता अ‍ॅप. व्यापार, मायबिलबुक अशी बिलिंग अ‍ॅप आहेत, खाताबुक आणि ओकेक्रेडिट ही उधारीसाठी प्रसिद्ध आहेत. कुठलंही एक घ्या. मी कुणाचीही जाहिरात करत नाही. मला अ‍ॅपमध्ये तीनच गोष्टी हव्या असतात: मालाप्रमाणे नफा दिसला पाहिजे, आजचा साठा दिसला पाहिजे, आणि सगळी माहिती एक्सेलच्या फाइलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. उद्या अ‍ॅप बदलावंसं वाटलं तर तुमचा तीन वर्षांचा हिशोब तिथेच अडकून बसायला नको.

पण खरी अडचण अ‍ॅपची नाही, नोंदीची आहे. दोन रुपयांच्या खोडरबराचं बिल कोण फाडणार? मी सुरुवातीला हट्टाने प्रत्येक पेन्सिल टाकायला गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली, काउंटरवर पंधरा मुलं, मी फोनमध्ये डोकं घालून बसलेली आणि बाबा माझ्याकडे बघतायत. बंद केलं.

आता आम्ही असं करतो. पन्नास रुपयांच्या वरची विक्री अ‍ॅपमध्ये मालाच्या नावाने जाते. त्याखालची सगळी 'किरकोळ स्टेशनरी' या एकाच नावाखाली, दिवसाअखेर एकदा. झेरॉक्सचा आकडा मशीनच्या काउंटरवरून. आणि महिन्यातून एकदा फक्त वीस मुख्य वस्तूंचा साठा हाताने मोजायचा. संपूर्ण दुकान मोजायला गेलात तर पुढच्या महिन्यात कुणीच मोजणार नाही.

ज्यांना अ‍ॅप नकोच आहे त्यांनी गुगल फॉर्म बनवा. मालाचा प्रकार, रक्कम, रोख की यूपीआय की उधार, एवढे तीन प्रश्न. शक्य असेल तर फॉर्म एकदा कॉम्प्युटरवर बनवून घ्या, मग त्याची लिंक फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. भरलेली प्रत्येक नोंद तारीख-वेळेसकट आपोआप शीटमध्ये जाऊन बसते. शीटमध्ये 'सम-इफ्स' हा एकच फॉर्म्युला शिका. "या महिन्यात, या प्रकारच्या मालाची, एकूण रक्कम" एवढं त्याने निघतं. त्याच एका फॉर्म्युल्यावर मी वर्षभर दुकान चालवलंय.

पॉवर बीआय आणि लुकर स्टुडिओबद्दलही खूप जण विचारतात. चांगली साधनं आहेत. लुकर स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गुगल डेटा स्टुडिओ, २०२२ मध्ये नाव बदललं. ते गुगल शीटला जोडता येतं आणि फोनच्या ब्राउझरमध्ये रिपोर्ट उघडतो. पॉवर बीआयचं मोबाइल अ‍ॅप तयार रिपोर्ट बघायला छान आहे, पण रिपोर्ट बनवायचं काम कॉम्प्युटरवर करावं लागतं. तीन-चार दुकानं असतील, दहा माणसं नोंदी करत असतील तर जरूर घ्या. एका दुकानाला शीटमधला साधा बार चार्ट पुरे.

रिपोर्टमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे मी डब्यावरून शिकले. हसू नका! मुंबईत १८९० पासून डबेवाले डबे पोचवतायत. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात. कुठल्या भागातून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्या कामावर केस स्टडी केली आहे. पण मला त्यात आवडलं ते वेगळंच. झाकणावर भाजी कुठली आहे ते लिहिलेलं नसतं. डबा पुढच्या हातात देताना त्या माणसाला जे लागतं तेवढंच लिहितात. तुमच्या डॅशबोर्डवरचा प्रत्येक आकडा असाच तपासा. हा आकडा बदलला तर मी उद्या वेगळं काय करणार? उत्तर "काही नाही" असेल तर तो आकडा काढून टाका. माझ्या शीटमध्ये आधी अकरा ग्राफ होते. आता तीन आकडे आहेत: किती दिवसांचा साठा, तीस दिवसांवरची उधारी, आणि खात्यात दुकानाचे स्वतःचे पैसे किती.

हो, आणि दुकानाचं खातं वेगळं करा. आजच.

आकडे खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटता आपटता वाचले.

यूपीआयच्या व्यापारी अ‍ॅपमध्ये प्रत्येक पेमेंटची वेळ असते. स्टेटमेंट डाउनलोड केलं की शीटमध्ये तासाप्रमाणे बेरीज करता येते. दिवाळीनंतर या सगळ्याची चटक लागली होती, म्हणून मी मागच्या सहा महिन्यांचा तासाप्रमाणे चार्ट काढला. सकाळी उंच, संध्याकाळी उंच आणि दुपारी बारा ते तीन सपाट मैदान. मी जेवताना जाहीर केलं, "बाबा, दुपारी दुकान बंद ठेवू. लाइट वाचेल, मदतनिसाचे तास वाचतील, तुम्हाला झोप मिळेल."

बाबांनी घास खाली ठेवला. "साडेबाराला शाळा सुटते. ती पोरं काय क्यूआर स्कॅन करतात?"

बरोबर होतं. पाचवीतला मुलगा दहाचं नाणं घेऊन येतो. चार्ट पेपर, गोंद, स्केचपेन, सगळं नाण्यांनी. यूपीआयच्या चार्टमध्ये तो कधी दिसणारच नाही. मी आठवडाभर दुपारी बाराला आणि तीनला गल्ला मोजला. रोज सरासरी १,४०० रुपये रोख! माझ्या सुंदर चार्टने तो सगळा धंदा शून्य दाखवला होता.

म्हणून मोबाइलवरचा कुठलाही आकडा बघताना आधी विचारा, या आकड्यात कोण मोजलं गेलं नाही? यूपीआयमध्ये रोखीवाले नाहीत. बिलिंग अ‍ॅपमध्ये बिल न घेणारे नाहीत. आणि कुठल्याच अ‍ॅपमध्ये तो माणूस नाही जो आला, वस्तू नाही म्हणून परत गेला. त्यासाठी आम्ही काउंटरवर एक साधी चिठ्ठी ठेवतो, 'नाही म्हटलेला माल'. कुणी मागितलं आणि नव्हतं की लिहायचं. रात्री त्याचा फोटो काढून ठेवते. खरं सांगते, अख्ख्या दुकानातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा डेटा आहे.

त्याच चार्टमध्ये आणखी एक गोष्ट लपली होती, ती मात्र खरी निघाली. आम्ही साडेनऊला दुकान उघडायचो. आणि साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात पेमेंटची गर्दी दिसत होती, उघडल्या उघडल्या. हे एप्रिलच्या आधी नव्हतं. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला, मेट्रो ७ चा आरे ते दहिसर पूर्व हा भाग सुरू झाला होता आणि देवीपाडा स्टेशन आमच्यापासून चालत जाण्याएवढं. स्टेशनकडे जाणारी माणसं आमच्या दारावरून जात होती. आधार कार्डाची झेरॉक्स, फॉर्मची प्रिंट, पेन.

आता विचार करा. भवानी व्हायच्या वेळेलाच गर्दी असेल, तर शटर खाली असताना किती जण परत गेले असतील? ते चार्टमध्ये दिसत नाही, दिसूच शकत नाही. ते बघायचा मार्ग एकच, शटर उघडून. तीन आठवडे मी आठला उघडलं. पहिला आठवडा जेमतेम. दुसऱ्या आठवड्यापासून लोकांना कळलं. तिसऱ्याच्या शेवटी आठ ते साडेनऊ या वेळेत रोज सातशे-आठशेचं काम व्हायला लागलं, आणि त्यात बरंचसं प्रिंट-झेरॉक्स, म्हणजे माल अडकवण्याचा प्रश्नच नाही. ती वेळ आम्ही कायम केली. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो अंधेरीला गुंदवलीपर्यंत गेली, घाटकोपर-वर्सोवा मार्गाला जोडली गेली, तेव्हा सकाळची माणसं आणखी वाढली.

त्याच सुमारास एक एजंट मागे लागला होता. "मॅडम, मेट्रोजवळ मोठा गाळा आहे, घेऊन टाका." भाडं आमच्या तिप्पट. मोह झाला होता. पण आठला शटर उघडायला मला काहीच खर्च नव्हता आणि तीन आठवड्यांत उत्तर मिळालं होतं. गाळा घेतला असता तर उत्तर मिळायला अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिट लागलं असतं. तो गाळा मी घेतला नाही.

दोन-तीन सुट्या गोष्टी

अ‍ॅपमधले दर वेळेवर बदला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. विकताना कर नाही, म्हणजे त्या मालासाठी भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. ज्यांनी अ‍ॅपमध्ये जुनाच कर आणि जुनाच खरेदी भाव ठेवला, त्यांना मार्जिनचा रिपोर्ट रोज चुकीचा दिसणार. करात बदल झाला की आपल्या सीएशी बोला आणि त्याच दिवशी अ‍ॅपमधली मालाची यादी तपासा.

गुगल मॅपवर दुकान नोंदवलं असेल तर तिथेही फुकट माहिती मिळते. किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला, काय शब्द टाकून शोधलं. घाटकोपरला पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंना तिथे दिसलं की लोक उपवासाचे पदार्थ शोधत त्यांच्यापर्यंत येतायत. त्या ते करतच नव्हत्या! पुढच्या चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी ठेवली.

आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर गोळा करत असाल तर विचारून घ्या आणि कशासाठी घेताय ते सांगा. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय. शिवाय न विचारता रोज 'गुड मॉर्निंग ऑफर' पाठवणाऱ्या दुकानाला लोक ब्लॉक करतात, त्यासाठी कायद्याची गरज नाही.

ज्यांचं दुकान अजून सुरूच झालं नाही त्यांच्यासाठी

तुमच्यातले निम्मे इथे आहेत, मला माहितीय. "ताई, आमच्याकडे डेटाच नाही." आहे, रस्त्यावर आहे.

समजा, मुलुंडला किंवा अंधेरीला गाळा बघितलाय. टोकन देण्याआधी तीन दिवस घ्या: एक कामाचा दिवस, एक शनिवार, एक रविवार. प्रत्येक दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अर्धा अर्धा तास समोर उभे राहा. फोनमध्ये मोजणीचं कुठलंही साधं काउंटर अ‍ॅप घ्या. किती माणसं गेली ते मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका. गाळ्याच्या बाजूच्या फुटपाथवरून किती गेली आणि पलीकडून किती? किती जण बाजूच्या दुकानांशी थांबले? किती जणांच्या हातात पिशवी होती? स्टेशनकडे धावणारा माणूस थांबत नाही. तोच माणूस संध्याकाळी घरी जाताना थांबतो, पण तेव्हा तो बहुतेक पलीकडच्या फुटपाथवर असतो. मुंबईत रस्त्याची बाजू चुकली की भाडं तेच आणि गिऱ्हाईक निम्मं.

पाऊस असेल तर मुद्दाम जा. पाणी साचतं का, लोक रस्ता बदलतात का ते त्याच दिवशी कळतं.

गुगल मॅपवर शेजारच्या दुकानांची 'गर्दीच्या वेळा' ही पट्टी बघा, तुमच्या मोजणीशी ताडून पाहा. मग हिशोब मांडा. भाडं, लाइट, एक मदतनीस, म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च समजा ४५,०००. तुमच्या मालावर शंभरमागे वीस सुटत असतील तर फक्त खर्च निघायला महिन्याला सव्वादोन लाखांचा सेल हवा. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे साधारण ८,६५०. सरासरी बिल दीडशेचं धरलं तर रोज ५८ गिऱ्हाइकं. तुमच्या बाजूच्या फुटपाथवरून दिवसभरात जाणाऱ्या माणसांपैकी ५८ जण आत येऊन खरेदी करतील का?

हा आकडा शीटमध्ये लिहा, मोजणीचे नऊ आकडे त्याखाली लिहा आणि त्या शीटचा स्क्रीनशॉट मला पाठवा. गाळ्याचा पत्ता लिहू नका, नुसता भाग लिहा, म्हणजे दुसरं कुणी आधी जाऊन टोकन द्यायला नको. पुढच्या रविवारी त्यातल्या तीन शीट घेऊन आपण गणित करणार आहोत.